चौकातली कोरडी धार

मुकुंदवाडीतल्या आमच्या चौकात अखेर पाणी आलं, पण उजेडाचं. दोन मजली लोखंडी सांगाडा आणि त्यावरून खाली घरंगळणाऱ्या निळ्या-पांढऱ्या दिव्यांच्या माळा. संध्याकाळी धबधबा कोसळतोय असंच वाटायचं. खाली दगडावर लिहिलं होतं की हे शिल्प म्हणजे शहराच्या प्रगतीचा अखंड प्रवाह. आमच्या नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. आईनं मान वर करून विचारलं, "ह्याच्यातलं थेंबभर तरी खाली पडतंय का?"

शिल्पाचा आमच्या कामाचा अर्थ गल्लीनं महिनाभरात शोधून काढला. नळाला मोटार लावायला बंदी आहे, म्हणून प्रत्येक घरात ती गोणपाटाखाली झाकलेली असते. शिल्प आणि गल्ली विजेच्या एकाच डीपीवर. पाणी आलं की घरोघर मोटारी सुरू व्हायच्या आणि चौकातला धबधबा मिणमिणायला लागायचा. धबधबा मंदावला म्हणजे नळ आले, एवढं साधं. मग काय, अख्खी गल्ली ओट्यावर बसून चौकाकडं डोळे लावायला लागली.

त्याआधी पाणी आल्याचं एकमेकांना हाक मारून सांगायची रीत होती. ज्याच्या नळाला आधी येईल त्यानं ओरडायचं. शेजारच्या काकू आईला हाक मारायच्या, आई त्यांना. तीस वर्षं असंच चाललं. बाबा गेले तेव्हा आईजवळ रात्रंदिवस बसून राहिल्या त्या काकूच. पण दिवेच सांगायला लागल्यावर हाका बंद पडल्या. जो आधी मोटार लावेल तो जास्त ओढणार, मग ओरडून कोण सांगतंय?

काकूंच्या खिडकीतून चौक दिसतो, आमच्या खिडकीतून दिसत नाही. आईच्या मनात तेवढंच बसलं.

"तिला आधी दिसतंय. मोटार लावती अन् गप बसती. लई आतल्या गाठीची झालीय."

"आई, काकू तशा नाहीत."

"तू दिवसभर कंपनीत असतोस. तुला काय ठावं?"

एका संध्याकाळी मी चिकलठाण्याहून कामावरून येत होतो. वारा सुटला होता. कुठं तरी तार हलली असावी, धबधबा लुकलुकला. झालं! सलूनमधलं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच घेऊन, गळ्यातल्या फडक्यासकट पळालं. घरोघर मोटारी लागल्या, त्यामुळं दिवे आणखी मंदावले, म्हणून राहिलेल्यांनीही लावल्या. आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसत होती. तरी बंद कोण करणार? शेजाऱ्याची मोटार ऐकू येत होती ना!

आई भिंतीला कान लावून उभी होती. "तिची चालूय. म्हंजे तिला येतंय. आपलं पाणी ओढती बघ."

पलीकडं काकूही असाच कान लावून उभ्या असणार, याची मला खात्री आहे. मग डीपीचा धडाका झाला, सगळा अंधार, आणि आमच्या मोटारीचा जळका वास. गल्लीत कुणालाच थेंब मिळाला नव्हता. सकाळी काकूंनी धपाटे पाठवले, आईनं ताटली न उघडताच परत केली. मला आईचा भयंकर राग आला.

डीपी काही लगेच दुरुस्त झाली नाही. वीज नसतानाच एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "वैनी, पाणी आलंय हो!"

आई जागची हलली नाही. "आज बरी आठवण झाली. तिचं भरून झालं असंल."

मी बादली नळाखाली लावली आणि कुंपणावरून वाकून पाहिलं. काकूंनी घागर नुकतीच लावली होती, तिचा तळसुद्धा अजून झाकला नव्हता. म्हणजे आधी हाक मारली होती, मग घागर लावली होती. आत येऊन मी आईला सगळं सांगितलं.

आई पदराशी चाळा करायला लागली. वाटलं, विरघळली.

"म्हागच्या मोरीतला ड्रम बघितलास का तिचा?"

मी चिडलो, काही तरी बोललोही. आणि मग भरून वाहणारी बादली तशीच सोडून काकूंच्या मोरीत डोकवायला गेलो.