घरटी एक माणूस

मी शिकलो तो भगवंत मास्तरांमुळे.

चांद्याच्या शाळेत, मॅट्रिकच्या वर्गात, त्यांनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिले. 'ड्रॅग इन्टू'. मनात नसताना एखाद्या गोष्टीत ओढलं जाणं. म्हणाले, "नुसता अर्थ पाठ करू नका. आपापल्या घरचं वाक्य सांगा."

मी उभा राहून इंग्रजीत सांगितलं, माझ्या वडिलांना वाघाच्या शिकारीच्या हाक्यात ओढलं गेलं. त्या हाक्यात रानडुकराने त्यांची मांडी फाडली होती.

मागच्या बाकावर आमच्या गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदार मालकाचा, मुलगा. तो म्हणाला, "मास्तर, याचं चुकलं. याच्या बापाले ओढा लागत नाई. शिटी मारली का पयत येते."

वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

मास्तर हसले नाहीत. "वाक्य बरोबर आहे," म्हणाले. ते फळ्यावर लिहिलं आणि त्या मुलाला उभं करून तीनदा वाचायला लावलं.

पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव. आम्ही तळ्यात मासे धरणारे. मालगुजारी कायद्याने गेली, हाका राहिला. मालकाकडे शिकारीचा पाहुणा आला की घरटी एक माणूस. रान घेरायचं, डफडी बडवायची, जनावर बंदुकीपुढे आणायचं. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही.

बी.ए. होऊन घरी आलो त्याच आठवड्यात बोलावणं आलं. बाबांना ताप होता. तरी लंगडत निघाले. त्यांना खाली बसवून मी गेलो.

अंगणात तोच मुलगा, आता मालक. त्याने डफडं माझ्या पायाशी फेकलं. "बी.ए. झाला म्हणे? चाल, वाघाले इंग्रजीत उठव."

सगळे हसले. शेजारचे, नात्यातलेसुद्धा.

मी म्हणालो, "आमच्या घरचा माणूस येणार नाई. आज नाई, कधीच नाई."

"मंग तळ्यात जाळं टाकाचं नाई."

"तळं आता सरकारचं हाय."

घरी बाबा रडले. "काऊन बोललास, बापू? आता खाचं काय?"

 आठवड्याभराने मी मास्तरांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप मास्तरांस, साष्टांग नमस्कार. मालकाने तळं बंद केलं आहे. काठावर लाठ्या घेऊन दोन माणसं बसवली आहेत. मी तहसिलीत अर्ज दिला. साहेबाने तो न वाचता ठेवून घेतला. सोमवारी सकाळी मी जाळं घेऊन पाण्यात उतरणार आहे. बाबा येतील असं वाटत नाही. एकटा उतरेन. मारलं तर पुन्हा मंगळवारी उतरेन."