शेक घेतलेली आक्का

आक्काच्या गळ्याखाली बारीक निळसर ठिपके होते. गावातल्या नव्या सुनांना ते गोंदण वाटायचं. "मिरजंच्या दवाखान्यात गोंदलंय," आक्का सांगायची, "मशीनला माझी जागा सापडावी म्हणून." आणि स्वतःच मोठ्यानं हसायची.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचो आणि सगळं कुंडल गावही. विशीत तिच्या मानेत नि छातीत गाठी आल्या, कॅन्सर निघाला. मिरजेला तिच्या छातीवर शेक दिला; किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. ठरलेलं लग्न मोडलं, पण आक्का बरी झाली. मग आमच्याकडेच राहिली आणि द्राक्षबाग तिनं हातात घेतली. छाटणीच्या गड्यांना तिच्यासमोर बिडी पेटवायची चोरी होती. "मला देवानं छाती दुसऱ्यांदा दिलीया. तुमी पहिलीच जाळताय," असं सुनावायची.

आसपास कुणाला कॅन्सर निघाला की आक्का त्या घरी पोचायची. लोक ऑपरेशनपेक्षा शेकाला जास्त भीत. माणूस आतून वाळतो, असं काहीबाही ऐकलेलं असायचं. आक्का समोर मांडी घालून बसायची आणि विचारायची, "मी हाय न्हवं तुमच्यापुढं? वाळलीया का मी?" ती चांगली आडव्या बांध्याची होती, त्यामुळे हा प्रश्न लागू पडायचा. पहिल्या दिवशी ती पेशंटबरोबर मिरजेला जायची आणि मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायची.

गेल्या वर्षी बागेत फवारणी चालू असताना तिला खोकला लागला. औषधाचा वास बाधला असेल, असं आम्ही धरून चाललो. मग थुंकीत रक्त आलं आणि मी तिला मिरजेला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बिडी, मिश्री, चूल, घरात कुणी ओढतं का, असं सगळं विचारलं. समाधान होईना, म्हणून पुन्हा विचारलं. आक्का म्हणाली, "आवं डॉक्टर, आमी जैन. दिवस मावळल्यावर जेवतसुदीक न्हाई. बिडी कुठनं आणू?"

तपासण्यांत फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत गेलेला. मोठ्या डॉक्टरीणबाईंचं लक्ष ठिपक्यांकडे गेलं. त्यांनी जुन्या उपचारांची चौकशी केली. छातीवर किरण घेतलेल्यांना पुढे बऱ्याच वर्षांनी फुप्फुसात असं होण्याचा धोका काहीसा वाढतो, त्यांनी सांगितलं. पण हिला त्यानंच झालं असं खात्रीनं म्हणता येत नाही. कधीही बिडी न ओढलेल्या माणसालाही काही कारण न सापडता होतं. तेव्हा किरण मोठ्या भागावर पसरायचे, आता नेमके देतात. आणि तेव्हाचा शेक घेतला नसता तर आक्का विशीतच गेली असती.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग परत शेक द्या की."

त्या जागी आधीच भरपूर किरण गेलेत, पुन्हा तसे देता येणार नाहीत, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. आक्कानं पदर गळ्याखालच्या ठिपक्यांवर ओढून घेतला. असं मी प्रथमच पाहत होतो.

परतताना गाडी पलूस गावात शिरली. तेव्हा आक्का म्हणाली, "सुवर्णाचं शेकाचं कवा हाय रं?"

सुवर्णा आमच्या गल्लीतली सून. तिचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, केमोही झाली होती, पण शेकाला ती तयार नव्हती. पुढच्या आठवड्यात आक्का तिला घेऊन जाणार होती. तिला आता खरं ते सांगू, मी म्हणालो. आता शेक वेगळा असतो, हेही समजावू.

"न्हाई. माझं गावात बोलायचं न्हाई. डॉक्टरीण बोलली ते तुला कळलं. त्या पोरीला भीतीपायी निम्मंच ऐकू यायचं."

ठरलेल्या दिवशी गाडी मीच चालवली. मागे सुवर्णा रडत होती. आक्का तिचा हात धरून, तोंडावर पदर दाबून खोकत, मध्येच म्हणत होती, "मी हाय न्हवं?" वाळण्याचा प्रश्न मात्र तिनं विचारला नाही. तिचा ब्लाउज खांद्यावरून घसरत होता.

गोळ्यांनी काही महिने निघाले. नंतर कूस बदलून देणं आणि पाठीवर हात फिरवणं, एवढंच आमच्या हातात उरलं. गावात कुणी फवारणीला दोष दिला, कुणी म्हणालं लपून मिश्री लावत असेल. वडील भांडायला उठले, तर आक्कानं त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं. द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, आम्ही उशाशी णमोकार मंत्र म्हणत असताना ती गेली.

त्यानंतर सुवर्णा तिच्या पोराला घेऊन घरी आली. तिचे उपचार संपले होते, केस पुन्हा उगवत होते.

"दादा, आक्कास्नी कशानं झालं वो?"

डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही, मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"शेकानं तर न्हवं?"

मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणवेना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं कुठून सुरू करावं, सुचेना. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पोराचा हात धरून उठली. "ऱ्हाऊ द्या. मी तपासणी चुकवत न्हाई. आक्कांनी बजावलंय तसं."

ती गेल्यावर वडील बाहेर आले. तिला कळलं का, त्यांनी विचारलं.

मला तेही सांगता आलं नाही.