दोन अनोळखी बाळं

लेण्याद्रीच्या पायऱ्या मी चाळिशीत सोडल्या. त्याआधी अठरा वर्षं दर संकष्टीला चढत होते. गिरिजेने पुत्रासाठी तप केलं ती ही जागा, म्हणून माझंही गाऱ्हाणं तिथेच. आंबेगावच्या डोंगराकडच्या उपकेंद्रात मी नर्स होते. किती बायकांची बाळंतपणं या हातांनी केली, नाळ कापली, वार पुरायला दाईकडे दिली. माझी कूस काही उजवली नाही. एका संकष्टीला अर्ध्या वाटेतून मागे फिरले आणि देवाशी अबोला धरला. घरातला दिवा आमचे हे लावायचे. मी तिकडे बघायचीही नाही.

बावन्नाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी तो दबला, पण परत उलटणार, हे मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या निरोगी पेशी अंगात रुजल्या तरच आशा. निमगाव सावाहून माझा एकुलता भाऊ धावत आला. त्याच्या पेशी जुळल्या नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, "बाळंतपणानंतर नाळेत आणि वारेत बाळाचं रक्त उरतं, ते रक्तपेढीत गोठवून ठेवतात. ते थोडं कमी जुळलं तरी चालतं. मोठ्या माणसाला एका बाळाचं पुरत नाही, दोघांचं घेऊ." माझं वय पाहून ते रक्त चढवण्याआधीची जहाल औषधंही ते बेतानेच देणार होते, नव्या पेशींना जागा होईल इतकीच. मी मान हलवत होते, पण डोळ्यांपुढे वार पुरायला नेणाऱ्या दाईच्या हातातली टोपली होती. इतकी वर्षं आपण काय मातीत घालत आलो!

दोन लहानशा पिशव्या एकामागून एक चढवल्या. ओंजळभर रक्त एकेकीत. ते नळीतून उतरताना मला काय वाटलं, हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. पदर पुढे करावा असं वाटलं. दोन बाळं माझ्याकडे येत होती आणि मला त्यांची तोंडंही दिसणार नव्हती.

मग सुरू झालं वाट पाहणं. मी काचेच्या खोलीत एकटी. हे बाहेर उभे राहून फोनवर बोलायचे, "जेवलीस का?" कुणीतरी हातमोजा न घालता माझा हात धरावा, याची भूक पोटातल्या भुकेहून मोठी झाली होती. गावच्या कांद्याच्या चाळीचा वास आठवून मी रडत असे. रोज रक्त तपासत, रोज पांढऱ्या पेशी शून्य. एकोणिसाव्या दिवशी ताप चढला. डॉक्टर आले, कागद बघितला आणि औषध बदलून गेले. देवाला हाक मारावीशी वाटली, पण बारा वर्षांच्या अबोल्यानंतर कोणत्या तोंडाने मारू?

त्या दुपारी फरशी पुसायला नेहमीची बाई आली नाही, दुसरीच आली. तोंडावर पट्टी, नुसते डोळे दिसत होते.

"बाई, रडता व्हय?"

"रक्त वाढत नाही, मावशी. सगळं वाया गेलं."

"गाव कंचं?"

"निमगाव सावा. नोकरी आंबेगावात."

"आगं बया, म्या बी आंबेगावचीच की! मंग भाताची आवणी बघितली आसंल तुमी. रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की आठ-धा दिस पिवळं पडतं. मेलंच वाटतं. तवा आमी त्येला हात लावत न्हाई. जीव धरला का न्हाई म्हून उपटून बघितलं तर मरंल त्ये." बादली उचलता उचलता ती म्हणाली, "लई इचारू नका त्येला. ऱ्हाऊ द्या."

ती गेली. मी डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी लेण्याद्रीच्या गणपतीसमोर, गिरिजात्मजासमोर, मनाने उभी राहिले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. म्हटलं, "मी इथे आहे. तुझं तू बघ." आणि शांत झोप लागली.

दोन दिवसांनी कागदावर शून्याऐवजी आकडा आला. लहानसाच, पण आकडा. त्या मावशीला सांगायचं म्हणून मी चौकशी केली. ती बदलीवर एकच दिवस आली होती आणि नंतर गावी गेली, एवढंच कळलं. याला मी काही नाव देत नाही. जसं घडलं तसं लिहिलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, "दोघांपैकी एकाच्याच पेशी टिकल्या. असंच होतं. ती मुलगी आहे." माझा रक्तगटही आता तिचा झाला होता. आनंद झालाच, पण घरी आल्यावर माझ्यात न रुजलेल्या त्या दुसऱ्या बाळासाठी मी पोटभर रडले. हे माझा हात धरून शेजारी बसून राहिले.

तिच्या आईला पत्र लिहिता येईल का, असं मी विचारलं होतं. नाव-गाव कुणालाच कळत नाही, असं उत्तर मिळालं. याला आता काही वर्षं झाली, मुलगी शाळेत जात असेल. सकाळी वेणी घालून घेताना कुरकुर करत असेल. तिला एकदा पाहण्याची ओढ आहे, आणि ती राहणार. पूर्वी अशी ओढ लागली की मी देवाशी भांडत असे. आता ती त्याच्या पायाशी ठेवते आणि कामाला लागते.

माझ्या मनात येतात त्या बाळांच्या आया. दोघांच्याही. कळा सोसलेली बाई मी शेकड्यांनी पाहिली आहे. त्या दिवसांत तिला स्वतःपलीकडचं काही सुचत नाही, सुचू नयेच. तरी कुणीतरी तिच्यापुढे नाळेतलं रक्त देण्याच्या संमतीचा कागद धरला असेल, माझ्यासारख्या कधीही न भेटणाऱ्या बाईसाठी, आणि ती "हो" म्हणाली असेल.