तिसरी हाक

बाळकुमला आमच्या इमारतीमागे सांडपाणी शुद्धीकरणाचं केंद्र आहे. तिथले ऑपरेटर काका मला रोज खिडकीतून दिसतात, नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं बघा. टाकी साफ झाली की आत पाणी सोडण्याआधी ते वाकून ओरडतात, "कोन हाय का रं खाली?" तीनदा. आम्ही बायका हसायचो.

परवा साफसफाई लांबली आणि अडलेलं घाण पाणी आमच्या जिन्याला लागलं. मीच तावातावाने तिथे गेले. "अहो, सोडा ना पाणी!"

दोन हाका झाल्या, खालून काही नाही. केंद्रावरचे साहेब चिडले. "काका, भुताला बोलावताय काय? दाबा बटण!" आणि स्वतःच हात पुढे केला. काकांनी बटणावर आपला पंजा ठेवला आणि तिसरी हाक मारली.

"ओ!"

चिखलाने माखलेला एक कामगार शिडीवरून वर आला. काकांनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. "मेल्या, पयल्या हाकंला ओ द्याला काय झाला?"

"आई सांगते काका, तिसऱ्या हाकेआधी ओ द्यायची नाही. भूत असतं."

 

आता काका चार हाका मारतात. मी खिडकीत उभी राहून मोजते.