जिन्यातला वेगळा वास

जर्मनीत कोलोनजवळची माझी पहिली खोली वासामुळे गेली. तिथला मालक भांडला नाही की ओरडला नाही. एका शनिवारी दारात उभा राहिला, नाकासमोर हात हलवला आणि म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे बघा." माझ्या हातात पळी होती आणि पळीत हिंग तडतडत होता.

दुसरी खोली मिळाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही जाऊ द्यायची नाही. मी सातवीत शाळा सोडलेला. सांगलीकडच्या एका पंपांच्या कारखान्यात कानशी घासत होतो. तिथल्या साहेबांना माझ्या हातात गुण दिसला आणि त्यांनी मला इथल्या कारखान्यात शिकायला धाडलं. निघताना एवढंच म्हणाले, "आपलं नाव खाली पाडू नकोस रे बाबा." त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. पण ते वाक्य मी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वागवलं. दोन घरांतून काढलेला माणूस म्हणून कारखान्यात बोभाटा झाला, तर परतीच्या बोटीत बसवतील, अशी माझी खात्रीच होती.

नवी मालकीणबाई सत्तरीची, एकटी. नवरा गेलेला, मुलगा युद्धातून परतला नव्हता. ती खाली राहायची, मी माडीवर. पहिल्याच दिवशी तिने मला "हेर इंजिनिअर", म्हणजे इंजिनिअरसाहेब, केलं.

मी घाईघाईने म्हणालो, "मी इंजिनिअर नाही. शाळासुद्धा पुरी नाही झाली."

"मग काय बिघडलं? पाववाल्याला मी हेर डायरेक्टर म्हणते. पाव ताजा देतो."

माझ्या खोलीत लोखंडाची उभी शेगडी होती. तिला तिथे ओफन म्हणत. तिच्या पोटात ब्रिकेट घालायचे, म्हणजे तपकिरी कोळसा दाबून केलेल्या विटा. मागून निघालेला पाइप भिंतीतल्या धुराड्यात जायचा. कोणती झडप केव्हा उघडायची हे बाईने हात नाचवत पुष्कळ वेळ सांगितलं. मला निम्मं कळलं. पण मान पूर्ण हलवली, कारण दोनदा विचारणारा माणूस या लोकांना नको असेल असं मला वाटायचं.

शेगडीच्या डोक्यावर पातेलं बसत असे. रविवारी सकाळी मी त्यावर पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं वरण आणि भात करायचो. तांदूळ तिथे खिरीसाठी मिळतो तो, चिकट. आईने दिलेल्या डबीतला हिंग मी सुरीच्या टोकावर घेऊन वापरायचो. खिडकी उघडी ठेवायचो, दाराखाली टॉवेल लावायचो. बाई कधी काही बोलली नाही. आठवडाभर मी पाव, चीज आणि उकडलेले बटाटे खायचो. रविवारचं ते एक पातेलं सोडलं तर मी तिथे आहे असं मला स्वतःलाच वाटत नसे. रविवारी माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. डाळ शिजत असताना मी खिडकीत बसून समोरच्या कौलांकडे बघायचो.

त्या वसंतात तिथे एक पक्षी यायला लागला. कावळ्याच्या जातीचा, अंगाने लहान, मानेवर राखाडी. धुराड्यावर बसून कर्कश ओरडायचा. आमच्याकडे कावळा ओरडला की आई चुलीपुढून म्हणायची, "कोण येतंय गं बाई?" आणि तांदूळ मूठभर जास्त घालायची. माझ्याकडे यायला होतं कोण? तरी मी खिडकीच्या कट्ट्यावर पावाचा चुरा ठेवू लागलो. तो यायचा, जोडीदारणीला आणायचा, चोचीत काटक्या घेऊन वर जायचा. माझी तेवढीच सोबत.

ईस्टर होऊन गेला आणि पुन्हा बर्फ पडलं. शेगडी पुन्हा दिवसभर पेटू लागली. एका संध्याकाळी कामावरून आलो तर बाई जिन्याशी उभी. नाक वर करून म्हणाली, "कालपासून जिन्यात वेगळाच वास येतोय. तुम्हाला येतो?"

पहिल्या मालकासारखा नाकासमोर हात हलवायचं तेवढं बाकी होतं.

"नाही," मी म्हणालो, आणि वर पळालो.

त्या आठवड्यात मी पडदे धुतले. पांघरूण धुतलं. कोट खिडकीत झटकला. डबी तीन फडक्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी लपवली. स्वतःचा वास स्वतःला येत नाही म्हणतात, म्हणून मी बाही नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगायचो. खोलीत काहीतरी होतं खरं, जळकं, आंबूस. मला वाटलं, भिंतीत मुरलेली माझीच फोडणी. ती जिन्यात उतरू नये म्हणून मी दाराच्या फटीत वर्तमानपत्रं ठासली, किल्लीच्या भोकात कापूस कोंबला. थंडी होतीच, खिडकीच्या फटीही बुजवल्या.

मग डोकं दुखायला लागलं. कारखान्यात गेलं की उतरायचं. खोलीवर येऊन बसलं की पुन्हा चढायचं. जेवण नकोसं व्हायचं, पाय जड. मला यात नवल वाटलं नाही. घरची आठवण अशीच चढत असणार, माणसांत गेल्यावर ओसरत असणार. कुणाला सांगणार? आणि सांगायचं तरी काय, एकटं वाटतं म्हणून?

रविवार आला. मी वरण केलं नाही. शेगडीत ब्रिकेट भरले आणि गादीवर पडलो. धुराड्यावर पक्षी ओरडत होता. उठावं, चुरा ठेवावा असं मनात होतं, पण हात उचलत नव्हता. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं होत होतं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

दार ढकलल्याचा आवाज आला. फाटलेली वर्तमानपत्रं. मग बाईचा ओरडा, "हेर इंजिनिअर! उठा! उठा म्हणते ना!" तिने खिडकी उघडली नाही, अक्षरशः उखडली. गार वारा तोंडावर बसला. काखेत हात घालून त्या म्हातारीने मला जिन्यापर्यंत ओढत नेलं. तिथे मी ओकलो. तिच्या धुतलेल्या जिन्यावर. शुद्धीत आल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "माफ करा". दुसरं वाक्य, "मला काढू नका."

"काढू? कुठून?"

"खोलीतून. वासामुळे. मी आता करत नाही तो."

ती माझ्या शेजारी पायरीवरच बसली.

"अहो, वास शेगडीचा येत होता. मी शेगडीचं विचारत होते. तुम्ही नाही म्हणालात, मला वाटलं म्हातारीचं नाक फसलं."

"आणि माझा वास?"

"तो रविवारी येतो. पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं, उंदीर मेला." ती हसली. "आता तो आला की मी टेबलावर ताट मांडते. कळतं, वर कुणीतरी जेवायला बसतंय. आज चर्चमधून आले, ताट काढलं, आणि वासच नाही. पावलंही नाहीत. म्हणून आले."

दुसऱ्या दिवशी धुराडं साफ करणारा आला, काळ्या कपड्यांत, डोक्यावर उंच टोपी. अशा माणसाच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं म्हणून बाईने त्याच्या बटणाला माझं बोट लावलं. त्याने धुराड्याच्या तोंडात अडकलेलं काटक्यांचं घरटं वरून काढलं; त्यानेच धूर खोलीत परतत होता. त्यात माझ्या पावाचा वाळका तुकडाही होता. अंडी अजून नव्हती, हे बरं झालं. मी बाईला सांगितलं की आमच्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येतो.

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. "आले की मी."

मग तिने मला पुन्हा पहिल्यापासून शेगडी शिकवली, आणि या वेळी मी दहादा विचारलं. हिवाळ्याच्या तोंडाशी पहिल्यांदा पेटवली की केस जळल्यासारखा वास येतो, ती उन्हाळ्यातली धूळ, तिला भ्यायचं नाही. ओल्या ब्रिकेटला भिजलेल्या पोत्याचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर झडप लवकर मिटली असं समजायचं. आणि धुराचा जळका वास खोलीत राहिला तर आधी खिडकी, मग शेगडी, मग शरम. "सर्वांत वाईट वायूला, ज्याने तुमचं डोकं दुखत होतं त्याला, वासच नसतो," ती म्हणाली. "म्हणून जो वास येतो त्याला लपवू नका."

पुढच्या रविवारी मी दाराखालचा टॉवेल काढला. हिंग टाकला आणि थांबलो. खाली ताटाचा आवाज झाला.

दोन हिवाळ्यांनंतर तिला बहिणीच्या गावी नेलं आणि घर विकलं गेलं. मला कारखान्याच्या नव्या इमारतीत खोली मिळाली. तिथे भिंतीला पांढरे रेडिएटर होते. ना राख, ना झडप, ना कसला वास. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. आहेच मी. पण त्या खोलीत मला कळेनासं झालं की खाली कुणी आहे की नाही. रविवारी फोडणी देताना मी दार थोडं उघडं ठेवायचो. हिंगाचा वास त्या लांब, स्वच्छ बोळात जायचा आणि मी पळी हातात धरून ऐकत उभा राहायचो.