वय विचारणारा भाडेकरू

जगात परकं असं कोणी नसतंच, फक्त नातं ठरायचं राहिलेलं असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझ्याच गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होता. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून, जयनगरच्या बाजारातून भाजीची पिशवी सांभाळत घरी आलेल्या आणि हूं म्हणायचंही त्राण न उरलेल्या बाईला विचारा. अशा माणसाबरोबर एका घरात राहायचं तर अंगात ताकद लागते, आणि माझी ताकद यजमान गेल्यापासून कमीच होत आली होती.

तो नेपाळातून फिजिओथेरपी शिकायला आला होता. खोली बघायला आला तेव्हा त्याने भाडं विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही. पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि हिंदीत पहिला प्रश्न केला, तुमचं वय किती? मी इतकी गांगरले की खरं वय सांगून बसले. त्याने मनातल्या मनात काहीतरी जमवलं आणि त्याचा चेहरा उजळला. मी त्याच्या आईपेक्षा मोठी निघाले होते, म्हणजे त्याच्या भाषेत 'ठुली आमा', मोठी आई. हे ठरल्यावर मग त्याने खोली पाहिली. त्यांच्याकडे म्हणे समोरचा माणूस आपल्याहून मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय त्याला हाकच मारता येत नाही. त्यामुळे महिन्याच्या आत आमच्या अख्ख्या गल्लीची वयं त्याला पाठ झाली. इस्त्रीवाला त्याचा थोरला भाऊ झाला, नारळवाली ताई झाली आणि समोरच्या अक्कांना त्याने सरळ आजीच करून टाकलं. अक्का केस रंगवतात. त्या पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटकच बोलत होत्या, जणू त्यांचं वय मीच फोडलं होतं. एकदा एका रिक्षावाल्याला वाटेत मामा करून तो घरीच घेऊन आला. मामा चहा पिऊन, गुडघा तपासून घेऊन गेले. चहा अर्थात मी केला.

गुडघ्यांचं त्याला वेडच होतं. कोणी मोठं माणूस दिसलं की आधी वय आणि मग गुडघा, हा त्याचा क्रम. माझ्याकडून त्याने सकाळी खुर्चीवर बसून पाय उचलायचे व्यायाम करून घेतले. मी टाळाटाळ केली की दारात उभा राहून वाट बघत राहायचा, रागवायचा नाही. रागवणाऱ्या माणसाला परतवता येतं, वाट बघणाऱ्याचं काय करायचं?

जेवणाची तऱ्हा आणखी निराळी. आमचं माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं, भाकरीवर वाढलेली माणसं आम्ही. एका रविवारी मी त्याला भाकरी, झुणका, वर मिरचीचा ठेचा असं साग्रसंगीत वाढलं. त्याने हावरेपणाने चार भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि पुन्हा पाटावर येऊन बसला. काय हवं विचारलं तर म्हणाला, खाजा छान झाला, आता जेवायचं कधी? भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं तो मानतच नसे. बाकी सगळं जग त्याच्या लेखी खाजा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं होतं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी पुन्हा कुकर लावला आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकत ओट्यापाशी उभ्याउभ्याच डुलकी काढली.

त्याचा चेहरा बघून लोक त्याला राखणदार समजत, हे मात्र मला सोसत नसे. पलीकडच्या इमारतीतले लोक त्याच्या हातात खुशाल आपली पार्सलं ठेवून जात. तो ती घरोघर पोचवायचा आणि पोचवताना प्रत्येकाचं वय विचारून यायचा. मी चिडून म्हटलं, तू कॉलेजात शिकतोस हे सांगत का नाहीस त्यांना? तो म्हणाला, सांगतो की, पण आधी नातं ठरू दे. पुढे त्याच इमारतीतले एक गृहस्थ खांदा धरल्यामुळे त्याच्याकडे व्यायाम शिकायला आले, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्याचं मराठी आमच्या घरातच घडलं. त्यामुळे त्यात 'थोडं'साठी कानडी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' आपसूक आलं, पण स्त्रीलिंग काही आलं नाही आणि अहो-जाहो त्याला कधी झेपलं नाही. मला तो "ठुली आमा, तू दमला काय?" असं विचारायचा. मी रोज दमलेलीच असायची.

नवरात्र जवळ आलं तसा तो गप्प होत गेला. त्यांचा दशैं आणि आपला दसरा एकाच दिवशी. त्या दिवशी घरातलं मोठं माणूस धाकट्यांच्या कपाळावर दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून भला जाड टिळा लावतं, नऊ दिवस अंधारात वाढवलेले पिवळे अंकुर डोक्यावर ठेवतं आणि आशीर्वाद देतं. त्यासाठी माणसं कुठून कुठून घरी जातात. याची परीक्षा मात्र दसऱ्याला लागूनच होती. आदल्या वर्षीही तसंच झालेलं. तेव्हा त्याच्या आईने व्हिडिओ कॉलवर, तिच्या फोनच्या काचेवर टिळा लावला होता. "काच लाल झाला तिकडे," तो मला म्हणाला, "माझा कपाळ इकडे कोरडाच."

या वर्षी त्याने अंकुर तरी इथे काढायचे ठरवले. घटस्थापनेच्या सकाळी दुकानातून जव आणले, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीतली माती परातीत पसरली आणि परात जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात ठेवली. रोज पाणी घालायचा, रोज पाय न वाजवता जाऊन बघायचा. अंकुर काही येईनात, वास मात्र येऊ लागला. अखेर नाक धरून मी कपाट उघडलं. पाहते तर जव कसले, सुपात घालायचे, साल काढून गुळगुळीत केलेले दाणे. ते सात जन्मांत उगवले नसते. त्याचा चेहरा इतका पडला की माझ्याच्याने बघवेना. आमच्याकडे गहू पेरतात, म्हणत मी डब्यातले मूठभर गहू काढले, गावाकडून आलेली थोडी ज्वारी त्यात मिसळली, परात घासून नवी माती भरली आणि पेरून टाकलं. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर लक्षात आलं, यजमान गेल्यापासून बंद केलेला घट मी आज घरात बसवला होता.

त्याच आठवड्यात अक्कांकडे इकडच्या रीतीप्रमाणे नवरात्रातल्या बाहुल्या मांडल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. मला अक्का दरवर्षी उसळीची वाटी घरपोच पाठवतात. मनाने चांगल्या आहेत, पण बोलावत नाहीत, आणि मीही त्यांना कधी तसं तोंडावर विचारलेलं नाही. वाटी तोच घेऊन आला आणि तू का नाही गेला म्हणाला. दमलेय, असं मी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी देवापुढे निरांजन लावत होते. बँकेला सुट्टी, जेवून दुपारी ताणून द्यायची एवढाच माझा बेत. तो अंघोळ करून, डोक्यावर त्यांच्याकडची ती रंगीत टोपी घालून, ताट घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला. ताटात दह्यात कालवलेले लाल तांदूळ, बाजूला गव्हाचे बोटभर आलेले अंकुर. काय हवंय ते मला कळलं. मी म्हटलं, अरे अक्कांकडे जा, त्या माझ्याहून मोठ्या आहेत, आनंदाने लावतील. त्याने मान हलवली. अक्का शेजारच्या, म्हणाला, टिळा घरातल्या मोठ्याने लावायचा असतो.

"माझ्या हातचं कुंकू घेऊ नये बाळा," मी शेवटी म्हणाले. "मला यजमान नाहीत."

त्याला खरोखर काही कळलं नव्हतं. "माझा पण बुबा नाही, बाप नाही," तो म्हणाला. "मग आमाच लावतो सगळ्यांना. मोठा कोण मग घरात?"

इतकी वर्षं मला सगळ्यांनी अगदी प्रेमाने, समजुतीने बाजूला बसवलं होतं, आणि मी उठायचा कंटाळा करून बसून राहिले होते. या पोराने फक्त माझं वय विचारलं होतं. मी बोटं ताटात बुडवली. टिळा जरा डाव्या भुवईकडे सरकला, दही त्याच्या नाकावर ओघळलं. अंकुर टोपीत खोचले. त्यांच्याकडचा लांबलचक आशीर्वाद मला येत नव्हता. औक्षवंत हो, एवढंच म्हणाले, आणि रडू लागले. तो नाकावरचं दही न पुसता तसाच बसून राहिला. वाट बघायची त्याची सवयच.

मग त्याने घरी फोन लावला. पडद्यावर त्याची आई आली, डोक्यावर शाल, कपाळ माझ्यासारखंच मोकळं. लेकाचा टिळा बघून ती हसली, मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. तो म्हणाला, आमा म्हणतो, तू मोठा ना, मग तिला पण लाव. ती फोनसमोर मान खाली घालून बसलीसुद्धा. मी त्याच्या फोनच्या काचेवर, तिच्या कपाळापाशी, तांदळाचे चार दाणे चिकटवले. तिकडे तिचं कपाळ कोरडंच राहणार हे तिलाही ठाऊक होतं. तरी बराच वेळ तिने मान वर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचं शिक्षण संपलं आणि तो गेला. आता गावाकडेच दवाखान्यात लागलाय, दर दशैंला आपल्या भरल्या कपाळाचा फोटो पाठवतो आणि गुडघे कसे आहेत विचारतो. या वर्षी फोटोखाली त्याने आणखी एक प्रश्न लिहिला होता, ठुली आमा, तू कोणाला लावला?

वरच्या खोलीत आता पुण्याची एक मुलगी राहते. व्हाइटफील्डच्या कंपनीत आहे, ऑफिसच्या गाडीने जाते-येते, कानात सदा काहीतरी घातलेलं असतं. भेटली की "हाय आंटी" म्हणते, त्यापलीकडे आमचं कधी बोलणं झालेलं नाही. दसऱ्यालाही काम होतं म्हणून घरी गेली नव्हती. कपाटातल्या परातीत गहू छान वर आले होते. मी ताट घेतलं आणि एकेक पायरी करत, मध्ये थांबत, गच्चीवर गेले. दार वाजवलं. तिने उघडलं, कानातलं काढलं आणि माझ्या हातातल्या ताटाकडे बघत राहिली.

"तुझं वय किती गं?" मी विचारलं.