फय्याजभाईंचं वाकडं नाणं

मेडशीच्या बसथांब्याजवळ घड्याळं दुरुस्त करणारे आमचे फय्याजभाई हे स्पेनच्या जुन्या राजवटीतल्या सोन्याच्या नाण्यांचे संग्राहक आहेत. संग्रहात नाणं एकच आहे, पण बोलताना ते अनेकवचनच वापरतात. घरासाठी घेतलेला प्लॉट विकून त्यांनी ते हैदराबादहून आणलं. तीनशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत हातोड्याने ठोकून पाडलेलं. एका बाजूने कापलेलं, दुसरीकडून फुगलेलं, वर जुनाट मळ.

"हे सोनं व्हय का उंदरानं खाल्लेलं बिस्कीट?" जगदेव सोनार विचारी.

"वाकडेपणाचीच तं किंमत हाये, जगदेवभाऊ! गोल नाणं कोणीबी पाडते."

यंदा, नऊ वर्षं अर्ज केल्यावर, नागपूरच्या नाणेप्रदर्शनात भाईंना टेबल मिळालं. तिथे जाणकार नाणं तपासून दाखला देणार होते. तो दुकानात टांगावा आणि मेडशीने हसणं थांबवावं, एवढीच त्या गृहस्थाची महत्त्वाकांक्षा.

निघायच्या सकाळी त्यांनी डबी उघडली. आत गोल गरगरीत, रिठ्याने धुतलेलं, वर कडी लावलेलं काहीतरी चमकत होतं.

"जगदेवभाऊकून कानस मारून घेतली," बायको अख्तरीभाभी कौतुकाने म्हणाल्या. त्यांच्या माहेरी, किन्हीराजाला, चार लोकांत न्यायचं सोनं उजळूनच नेतात. "एवढ्या मोठ्या लोकायसमोर तसं मळकं नेता काय? अन् घाबरू नका, दुआचे अब्बा, कापलेला चुरा पुडीत बांधून ठेवला."

भाईंनी तोंड उघडलं. भाभींच्या चेहऱ्यावरची ईद पाहिली आणि मिटलं. पुडीही खिशात घातली.

नागपूरच्या जाणकाराने आधी भिंगातून पाहिलं, मग भिंग बाजूला ठेवून. "लॉकेटचं दालन पलीकडे आहे," तो म्हणाला. भाईंनी पुडी उघडून दाखवली, तेव्हा त्याने त्यांना पाणी पाजलं. दाखला काही दिला नाही.

संध्याकाळी भाभी दारातच उभ्या. "काय म्हणले?"

भाईंनी पिशवी खाली ठेवली. "चमक पाहून चाट पडले."

"मंग! इतके वर्स मीच तुमाले उगी बोलत होती," भाभी विरघळल्या. "आता अजून एक आना. त्याले सरळ कराले मी हावो ना!"